फैयाज : मराठी रंगभूमीवरचे एक नाव

भोकरदनच्या आमच्या घरात एक मर्फीचा रेडिओ होता. फुप्पीने क्रोशाने विणलेला रुमाल त्याच्यावर पांघरलेला असे आणि सांजच्या नमाजनंतरच तो उघडला जाई. साल १९७० च्या आगेमागे असेल. एका संध्याकाळी मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदिकेने सांगितले : गीत ग. दि. माडगूळकर, संगीत सी. रामचंद्र, चित्रपट 'घरकुल', गायिका फैयाज. वडील तहसिलीतले कागद पाहत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फैयाज? ये तो मर्द का नाम है." त्यांना आग्रेवाले उस्ताद फैयाज खाँ ठाऊक होते, आणि उस्ताद तर १९५० सालीच अल्लाला प्यारे झालेले. तेवढ्यात गाणे सुरू झाले. आवाज बाईचा होता. एका नायकिणीच्या माडीवरची, मैफल उठून गेल्यानंतरची रात्र त्या आवाजात उभी राहिली होती, आणि शब्दोच्चार असे स्वच्छ की आमच्या शाळेतल्या मराठीच्या गुरुजींनीही कान टवकारावेत. चुलीपाशी बसलेली फुप्पी उठून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. गाणे संपल्यावर तिने एवढेच विचारले, "अपने में की है क्या?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमची बरीच वर्षे गेली. उत्तर सोपेच होते. होय, आपल्यातली आहे, सोलापूरची आहे, शेख घराण्यातली आहे. पण फुप्पीचा प्रश्न तेवढ्यावर भागणारा नव्हता. रेडिओवर, मराठीत, आपल्या नावानिशी गाणारी आपल्यातली बाई असू शकते काय, हे तिला विचारायचे होते. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास चाळताना आम्हाला वारंवार जाणवले की, तो प्रश्न त्या रंगभूमीलाही पन्नास-साठ वर्षे पडलेला होता. त्याचे उत्तर कधी नाव बदलून, कधी नाव झाकून, कधी नावाला दोष लावून दिले गेले.

फुप्पीला हा प्रश्न का पडला तेही सांगून टाकतो. ती लग्नाकार्यात ढोलकाची गाणी गायची. मराठवाड्यातल्या आपल्या घरांतून बायका रात्र-रात्र ढोलक घेऊन बसतात, समधनीला दखनीतून टोमणे मारतात, नवरदेवाच्या आईची खोड काढतात. ते वाचकांना नव्याने सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एक कलापथक तालुक्यात आले होते. त्यांच्या प्रमुखाने शेजारच्या वाड्यातून भिंतीपलीकडचा फुप्पीचा आवाज ऐकला आणि सकाळी आजोबांना भेटायला आला. मुलीला दोन गाणी म्हणू द्या, म्हणाला. आजोबांनी नकार दिला तेव्हा त्याने तोड सुचवली : नाव 'कुमारी शारदा' असे सांगू, कोणाला कळणार नाही. माणूस चांगला होता, त्याच्या मनात काही काळेबेरे नव्हते. आजोबा कुठल्याच नावाने तयार नव्हते. फुप्पी गाण्याला तयार होती, त्या नावाला नव्हती. "मेरी आवाज, और नाम दुसरी का?" एवढे म्हणून ती आत गेली. पुढे ती परक्यांसमोर कधी गायली नाही.

आमचे गाव नावांच्या बाबतीत तसे भाग्यवान आहे. केळणा नदीच्या काठचे हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर ज्यांनी दाने दिली त्यांच्यात या गावचे लोक आहेत आणि त्यांच्या गावाचे नाव दगडावर कोरलेले आजही वाचता येते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांतर्फे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. रमेश शं. गुप्ते यांनी येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा मिळाला. थेट इटलीतल्या पाँपेई शहरात, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या आणि १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. दान देणाऱ्यांच्या गावाचे नाव राहिले. जी बाई कोरली तिचे नाव मात्र कोणी लिहिले नाही, आणि ज्याने कोरली त्याचेही नाही. असो. विषय रंगभूमीचा आहे.

मराठी नाट्यसंगीत ज्या गायकीवर उभे राहिले ती मोठ्या प्रमाणात उस्तादांची गायकी आहे, हे आता कोणी नाकारत नाही. भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांच्या पायाशी बसून शिकले, आणि त्याच बुवांनी १९१६ साली 'स्वयंवर'ला चाली दिल्या. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष. पदोपदी 'वन्समोअर' घेणाऱ्या त्या प्रेक्षकांना या नावांनी कधी अडचण केली नाही. उलट 'थिरकवांचा ठेका' म्हटले की माना डोलत. तेव्हा मुसलमानी नाव रंगभूमीला वर्ज्य होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. ते साथीला होते तोवर सुखात नांदले. अडचण आली ती ते नाव शालू नेसून, बाई होऊन, रंगमंचाच्या मध्यभागी येऊन उभे राहिले तेव्हा.

त्याआधीचे एक घर पाहू. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात होते. तेथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे सूत जुळले आणि दोघे मुंबईला निघून आले. त्यांना पाच मुले झाली. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, आणि घरात अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, सकीना अशा नावांनी वाढलेली ही मुले जगापुढे आली ती सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या नावांनी. एका आईने, एकटीने मुले वाढवताना, त्या काळच्या पुण्या-मुंबईत काय चालेल आणि काय चालणार नाही याचा हिशेब करून घेतलेला तो निर्णय होता. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण हिशेब काय होता तो ध्यानात घेतला पाहिजे. हिराबाईंनी भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा पायंडा पाडण्यात मोठा वाटा उचलला, 'सौभद्रा'त सुभद्रा केली. शालीन, कुलीन, सोज्ज्वळ असे त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते खरेच आहे. त्यांची तालीम झाली ती उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. सरस्वतीबाईंचा आवाज १९४३ च्या 'रामराज्य' चित्रपटातून देशभर गेला. सकीनाच्या गळ्यातून उतरलेले रामकथेचे गाणे घरोघर ऐकले गेले. चंपाकलीने त्याच नावाने सुभद्रा केली असती तर पुण्याच्या प्रेक्षकाने ती इतक्या सहज आपली मानली असती काय? आम्हाला शंका आहे.

खाँसाहेब १९३७ साली वारले आणि मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते, हिंदू-मुसलमान कलावंत हजेरी लावतात. वडिलांना ठाऊक असलेले ते दुसरे उस्ताद, फैयाज खाँ, बडोद्याला दफन आहेत. त्यांच्या कबरीवर २००२ च्या दंगलीत हल्ला झाला. दोन उस्ताद, दोन कबरी. आम्हाला हे लिहिताना मिरजेचाच आधार वाटतो.

नाव बदलण्याची रीत चित्रपटात तर सर्रास होती. युसूफ खान दिलीपकुमार झाले, महजबीन मीनाकुमारी झाल्या, मुमताज जहाँ मधुबाला झाल्या. सुरैयांनी आपले नाव ठेवले. आमच्या मराठीत बार्शीचे मेहबूब पटेल हे शाहीर अमर शेख झाले. त्यांनी अर्धे नाव बदलले आणि अर्धे छातीवर बिल्ल्यासारखे मिरवले. पण ते पुरुष होते आणि शाहीर होते. डफावर थाप मारून गिरणी कामगारांच्या सभेत उभे राहणाऱ्याला लोक वेगळ्या मापाने मोजतात.

आता गोहरबाईंकडे येऊ. विजापूर जिल्ह्यातल्या (आता तो भाग बागलकोट जिल्ह्यात मोडतो) बिळगी गावच्या या मुली. एक अमीरबाई कर्नाटकी, जी हिंदी चित्रपटात गेली, १९४३ च्या 'किस्मत'ने आणि १९४४ च्या 'रतन'ने घराघरांत पोहोचली आणि जिच्या नावाचे अमीर टॉकीज विजापुरात उभे राहिले. दुसरी गोहर. गोहरबाई बालगंधर्वांच्या ढंगाने गायच्या, इतक्या हुबेहूब की ऐकणारा चकावा. १९३८ साली त्या नारायणरावांच्या कंपनीत आल्या आणि स्त्री-भूमिका करू लागल्या. नाव बदलले नाही. जाहिरातीत 'गोहर' असेच.

पुढची हकीकत मराठी नाट्यरसिकांना तोंडपाठ आहे, आणि ती कशी सांगितली जाते तेही सर्वांना माहीत आहे. नारायणराव राजहंस म्हणजे देवमाणूस, गोहरने त्यांना नादी लावले, त्यांना मित्रांपासून तोडले, त्यांचा ऱ्हास झाला. हे आम्ही विद्यार्थिदशेत औरंगाबादच्या वाचनालयात बसून पुस्तकामागून पुस्तकात वाचले. प्रत्येक वेळी पान उलटताना शेजारी कोणी आपल्याकडे पाहत तर नाही ना, असे वाटे.

तारखा मात्र वेगळे सांगतात. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. खरे अत्तर, खरे शालू, खऱ्या गालिच्यांपायी ती विसाच्या दशकातच कर्जात बुडाली होती. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि बोलपटाने संगीत नाटकाचा प्रेक्षक पळवला. त्या तडाख्यातून कोणतीच मंडळी वाचली नाही. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आले, त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली, आणि पुरुषाने स्त्री होण्याच्या कलेचा काळ सरत आल्याचे दिसू लागले. १९३५ साली नारायणराव 'धर्मात्मा'त एकनाथांची भूमिका करायला शांताराम बापूंकडे गेले, ते काही हौसेने नव्हे. त्यांचे वय तेव्हा ४७ वर्षांचे होते. गोहरबाई या सगळ्यानंतर तीन वर्षांनी आल्या. घर जळून गेल्यावर जी बाई आली तिच्या हाती पलिता कसा दिला गेला?

त्याचे एक कारण उघड आहे. दुसरे कारण थोडे नाजूक आहे. प्रेक्षकांना नारायणरावांनाच शालूत पाहायचे होते. खरी बाई समोर आली आणि ती त्यांच्यासारखेच गाऊ लागली, तेव्हा आपल्या लाडक्या स्वप्नातून कोणी हलवून जागे करावे तसे त्यांना झाले. तिचे नाव शारदा असते तरी थोडा राग आला असताच. गोहर असल्याने रागाला धरायला मूठ मिळाली.

पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली गेल्या. १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. शेवटच्या काळात त्यांचे पाय गेले होते. माहीमच्या घरात त्यांचे उठणे-बसणे, औषधपाणी कोणी केले, याविषयी त्या पुस्तकांतून फार कमी ओळी आहेत. गोहरबाई १९६४ साली वारल्या. त्याच वर्षी नारायणरावांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी तेही गेले. पुढच्या वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले.

पण सगळे खापर मराठी रंगभूमीच्या माथी फोडून आम्हाला मोकळे होता येणार नाही. गोहरबाईंना आपण तरी कुठे आपले म्हटले? नाटकवाली, गाणारी, काफिराच्या घरात राहिलेली, असेच आमच्या मोहल्ल्यात कोणी म्हणाले असते. अमीरबाईंच्या गाण्यांवर माना डोलावणारे आमचे आजोबा सख्ख्या मुलीच्या दोन गाण्यांना तयार नव्हते. रंगभूमीला गोहर फार मुसलमान वाटली आणि आम्हाला ती पुरेशी मुसलमान वाटली नाही. तिच्यावर कन्नडमध्ये आणि मराठीत इतर लोक लिहितात. आमच्या वार्षिकांतून, संमेलनांतून तिच्यावर किती लिहिले गेले हे ज्याने त्याने आठवून पाहावे. प्रस्तुत लेखकही त्यात आला.

आता सोलापूर. हे शहर मुळातच एका भाषेचे नाही. गिरण्यांमुळे तेथे तेलुगू आले, शेजारामुळे कन्नड आहे, घरात दखनी आहे आणि बाजारात मराठी. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांतले एक, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, याच शहराचे. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते सोलापुरातच, आणि त्यामागे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांची धडपड होती. मराठी ही आपलीही भाषा आहे हे सांगायला येथल्या माणसाला फारसे प्रयास पडत नाहीत. अशा शहरातून फैयाज आल्या.

२४ डिसेंबर १९६७. म्हणजे बालगंधर्वांना जाऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते. प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आणले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी, खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे, आणि त्यांची मुलगी झरीना झाल्या होत्या फैयाज. प्रसाद सावकार होते, भार्गवराम आचरेकर होते. संगीत नाटक संपले असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्या रात्री बंद झाली.

या नाटकात दोन घरे आहेत. एक पंडितांचे, एक खाँसाहेबांचे. दोन्ही घरी मुली आहेत. मराठी नाटकात मुसलमानाचे घर दिसते तेव्हा बहुधा तेथे तलवार असते किंवा विनोद असतो. मोडके मराठी बोलणारा पठाण, अत्तर विकणारा चाचा, नाहीतर शिवकालीन सरदार. येथे रियाज आहे, अहंकार आहे, विद्येचा कंजूषपणा आहे, आणि आत एक मुलगी आहे जी बापाची चूक ओळखते. हे दारव्हेकरांचे मोठेपण. खाँसाहेब वसंतरावांनी केले आणि असे केले की आम्ही त्यांच्या नावापुढचे 'देशपांडे' विसरून जावे. झरीना फैयाज यांनी केली. हिंदू नटाने मुसलमान उस्ताद व्हावे आणि मुसलमान नटीने त्याची मुलगी व्हावे, आणि दोघांनी मिळून मराठी प्रेक्षकाला रडवावे. रंगभूमीवर नाव आणि सोंग यांचे जे नाते असायला हवे ते हेच, असे आम्हाला वाटते. एकाचे नाव देशपांडे असून त्याला खाँसाहेब होता येते आणि दुसरीचे नाव फैयाज असल्याने तिने झरीनाच व्हावे, असा नियम मात्र होऊ नये.

तसा तो झालाही नाही, ही फैयाज यांची कमाई. 'घरकुल'मधले ते गाणे, म्हणजे माडगूळकरांची 'जोगिया' ही कविता, अस्सल मराठी माडीवरची आहे. ती गाताना त्यांनी उर्दूचा खोटा मुलामा चढवला नाही. कुसुमाग्रजांच्या 'वीज म्हणाली धरतीला' या झाशीच्या राणीवरील नाटकातल्या गाण्याने त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. ठुमरी-गझलेचा लहेजा त्यांच्या गळ्यात होता आणि लावणीचा ठसकाही. फैयाज हे नाव आहेही गमतीचे. पुरुषाचेही वाटते, घराण्याचेही वाटते. आडनाव जाहिरातीत नाही, बापाचे नाव नाही, बाई-बेगम नाही. नुसते तीन अक्षरांइतके नाव, आणि त्यापुढे काही झाकलेले नाही. उदार असा त्याचा अरबी अर्थ. मराठी निवेदक त्याचा उच्चार फय्याज, फैय्याज, फैयाज असा वाटेल तसा करीत, पण करीत.

आम्ही त्यांना रंगमंचावर पाहिले ते फार उशिरा. भोकरदनला नाटक कंपनी कोठून येणार? औरंगाबाद, फार तर जालना. तोवर आमची रंगभूमी कानांनीच पाहायची असे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावी छपरावर अँटेना दिसू लागले ते ऐंशीच्या दशकात. मधल्या काळात मुंबईला नातलगांकडे गेलो की चाळीतल्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसे दाटीने बसून टीव्ही पाहत. तेथे तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' पाहिला. १९७२ पासून १९९३ पर्यंत तो चालला. छोट्या पडद्यावर मुसलमानी नावाची एक हसरी बाई नामांकित लोकांना बोलते करते आहे, याचे चाळीतल्या बायकांना केवढे अप्रूप!

त्या नावाचीही एक कथा आहे. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम. वडिलांनी पत्नीच्या धर्माचा मान राखून मुलीचे नाव तबस्सुम ठेवले, आणि आईने पतीच्या धर्माचा मान राखून किरणबाला. दोघांनी एकमेकांसाठी आपापला हक्क सोडला. पुढे त्यांनी विजय गोविल यांच्याशी लग्न केले. म्हणजे १९८७ साली ज्यांना उभ्या देशाने राम मानून हार घातले त्या अरुण गोविल यांच्या त्या भावजय. भोकरदनला 'रामायण' पाहायला आमच्या घरी निम्मी गल्ली जमत असे. चपलांचा ढीग दाराबाहेर. फुप्पीला आम्ही हे नाते सांगितले तेव्हा ती मोठ्याने हसली आणि जमलेल्या बायकांना तिने ते दखनी-मराठीत पुन्हा पुन्हा सांगितले. २०२२ च्या नोव्हेंबरात तबस्सुम गेल्या.

नंतर वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका आल्या. आम्हाला अजून एक खोड आहे. मालिका संपल्यावर पडद्यावर जी नावे पळतात ती वाचायची. प्रकाशयोजना, रंगभूषा, संकलन, वेशभूषा. तेथे आपली नावे सापडतात, बरीच सापडतात. थिरकवा आणि कादरबक्ष यांची जागा अजून तीच आहे. मराठी मालिकेच्या घरात मात्र शेजारीसुद्धा मुसलमान असल्याचे क्वचित दिसते, आणि असलाच तर ईदच्या भागापुरता शीरखुर्मा घेऊन येतो. 'कट्यार'चा चित्रपट २०१५ साली निघाला, खूप चालला, आणि नव्या पिढीला झरीना ठाऊक झाली. ती अमृता खानविलकर यांनी केली. चांगली केली.

त्याच २०१५ साली, फेब्रुवारीत, बेळगावला ९५ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले. १९०५ पासून चालत आलेल्या या संमेलनाच्या अध्यक्षपदी फैयाज होत्या. बेळगाव म्हणजे सीमाभाग. मराठी म्हणवून घेण्यासाठी तेथल्या माणसाने किती सोसले ते सर्वांना माहीत आहे. अशा गावी, मराठी नाटकाच्या सर्वोच्च खुर्चीवर, सोलापूरची एक शेख घराण्यातली बाई. बिळगी तेथून फार लांब नाही. गोहरबाईंचे नाव त्या मंडपात कोणी घेतले की नाही हे आम्हाला तेथे हजर नसल्याने सांगता येत नाही.

वर्तमानपत्रात बातमी आली त्या दिवशी आम्ही भोकरदनलाच होतो. फुप्पीला तोवर दिसेनासे झाले होते. रेडिओ केव्हाच मोडीत गेला होता, पण क्रोशाचा रुमाल टीव्हीवर होता. मथळा वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग विचारले, "पूरा नाम छापे क्या? बाप का, घराने का?"

"नहीं. फैयाज, इतनाच."

"मराठी में?"

"मराठी में."

तिने हात पुढे केला. आम्ही कागद तिच्या हाती दिला, आणि त्या मथळ्यावर तिचे बोट नेऊन ठेवले.